पेनाचे टोक कुठे टेकले?

धायरीच्या एका शाळेत शिक्षकांशी गप्पा चालल्या होत्या. विषय होता वर्गात करता येण्याजोगे सोपे प्रयोग. पण मध्येच एका बाईंनी वेगळाच प्रश्न काढला. त्यांच्या वस्तीत कुष्ठरोग शोध मोहिमेची घरोघर तपासणी झाली होती. आरोग्यसेविकेने एका मुलाच्या दंडावरचा फिकट चट्टा पाहिला, त्याला डोळे मिटायला सांगितले आणि बॉलपेनाचे टोक चट्ट्यावर हलकेच टेकवून विचारले, "कुठे टेकलं ते बोट ठेवून दाखव." मुलाने दाखवले. तिने दोनतीनदा जागा बदलून पाहिले, वहीत काही लिहिले आणि ती पुढच्या घराकडे गेली. बाईंचे म्हणणे असे, की रोग कातडीचा. डाग डोळ्यांना दिसतोच आहे. मग पेन टेकवून आणखी काय कळते?

त्या दिवशी आम्ही दोन वाक्यांत उत्तर दिले, पण आमचे आम्हालाच ते पुरेसे वाटले नाही. कुष्ठरोग आपल्याला कातडीवर दिसतो, पण तो ठाण मांडतो मज्जातंतूंमध्ये, हे ते उत्तर. ते बरोबर आहे. पण ते कळायला माणसाला फार काळ लागला, आणि त्या कथेचा बराचसा भाग आपल्याच परिसरात घडला आहे. धायरी-नऱ्हे भागाजवळून जो महामार्ग जातो तो पुढे साताऱ्याला पोचतो. दीडशे वर्षांपूर्वी तिथे एक सिव्हिल सर्जन होता. त्याची ओळख करून घेण्याआधी एक मज्जातंतू स्वतःच्या हाताने शोधू या.

कोपर थोडे वाकवा. कोपराचे टोक आणि आतल्या बाजूचा, म्हणजे छातीकडचा हाडाचा उंचवटा, यांच्यामध्ये एक खोबण लागते. तिच्यात दुसऱ्या हाताचे बोट हलकेच आडवे फिरवले, की जाड सुतळीसारखे काहीतरी सटकन बोटाखालून सरकते. जरा जास्त दाबले तर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. दाराच्या चौकटीवर कोपर आपटल्यावर जो झटका बसतो तो इथलाच. ही अल्नर नावाची नस. (बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही, त्यामुळे मुलांचा घोटाळा होतो. पाठ्यपुस्तकात चेतातंतू हा शब्द येतो. आम्ही इथे मज्जातंतू हा रुळलेला शब्द वापरत आहोत.)

ही सुतळी म्हणजे एक तार नव्हे, टेलिफोनच्या जाड केबलसारखी हजारो तारांची जुडी आहे. तिच्यातले काही तंतू करंगळीच्या त्वचेकडून बातमी वर नेतात, काही हुकूम घेऊन तळहातातल्या बारीक स्नायूंकडे जातात, तर काही घामाच्या ग्रंथींना आणि रक्तवाहिन्यांना सांभाळतात. सगळे एकाच आवरणात. म्हणून केबल एका जागी बिघडली, की खालच्या भागात तीन गोष्टी घडतात. त्वचा बधिर होते, स्नायू लुळे पडतात, आणि घाम थांबून कातडी कोरडी होऊन तडकते. कुष्ठरोगाची जवळजवळ सगळी व्यंगे या तिन्हींतून उभी राहतात.

बधिरपणा आणि हा रोग यांची सांगड फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेतही कुष्ठाच्या लक्षणांत त्वचेचा बधिरपणा सांगितला आहे. पण कातडी बधिर होण्याचे कारण कातडीतच शोधायचे, की रक्तात, की आणखी कुठे, हे ठरवायला शरीर उघडून पाहणे भाग होते.

ते ज्यांनी पाहिले त्यांत हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे एक. वैद्यकीय शिक्षणाशी ज्यांचा दुरूनही संबंध आला आहे त्यांनी 'ग्रेज अ‍ॅनॅटॉमी' हे नाव ऐकलेले असते. १८५८ साली निघालेल्या त्या ग्रंथाचा मजकूर हेन्री ग्रे यांचा. पण पहिल्या आवृत्तीतली ३६३ चित्रे कार्टर यांची. ती त्यांनी लाकडी ठशांवर उलट्या बाजूने रेखाटली होती, आणि स्नायू, रक्तवाहिन्या, मज्जातंतू यांची नावे त्या त्या अवयवाच्या अंगावरच लिहिण्याची सोय केली होती. ग्रंथाची कीर्ती ग्रे यांच्या नावावर जमा झाली. कार्टर यांना एकरकमी दीडशे पौंड मिळाले आणि मानधनात पुढे वाटा नाही. पुस्तक बाहेर पडले त्याच वर्षी कार्टर नोकरीसाठी मुंबईत आले होते.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागले. मानवी शरीरातले मज्जातंतू ज्याने एकेक करून कापून, पाहून, कागदावर उतरवले, त्याच्यासमोर आता कुष्ठरोगी होते. त्यांच्या व्यथा त्यांनी बारकाईने नोंदल्या, काहींची मृत्यूनंतर शवविच्छेदने केली, आणि १८६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मुंबईच्या वैद्यकीय सोसायटीच्या वृत्तांतात आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. मज्जातंतू फुगून जाड झालेले होते. निरोगी मज्जातंतू कसा दिसतो हे कार्टर यांना हाताच्या रेषांइतके पाठ असल्यामुळे रोगट मज्जातंतू त्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. १८६३ साली त्यांची साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून बदली झाली आणि तिथे ते १८७२ पर्यंत राहिले. तुरुंगाची देखरेख, दवाखाना, साथी सांभाळून त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यास चालू ठेवला.

याच काळात मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड कडूकवठाच्या बियांचे तेल कुष्ठरोग्यांवर वापरून पाहत होते. संस्कृत ग्रंथ आणि जुने शिलालेख वाचणारे भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी. या जातीच्या तेलांची इंजेक्शने पुढे १९४० च्या दशकापर्यंत जगभर दिली जात होती, ती बऱ्याच अंशी दुसरे काही हाताशी नव्हते म्हणून.

फुगलेले मज्जातंतू पाहणारे कार्टर एकटे नव्हते. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा कुष्ठरोगाचे मोठे प्रमाण होते. तिथल्या बर्गेन शहरात डॅनियलसेन आणि बोएक यांनी १८४७ साली या रोगावर सचित्र ग्रंथ काढला होता आणि त्यात बधिर करणारा प्रकार वेगळा ओळखला होता. जर्मनीचे विर्शो यांनी मज्जातंतूंतला दाह सूक्ष्मदर्शकाखाली वर्णिला होता. थोडक्यात, रोग मज्जातंतूंत शिरतो यावर एकमत होत चालले होते. भांडण होते ते कारणाबद्दल. डॅनियलसेन रोग आनुवंशिक मानत. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने साम्राज्यभरातून माहिती मागवली आणि १८६७ साली हा रोग संसर्गजन्य नसल्याचा निर्वाळा दिला. साताऱ्यातले कार्टरही त्या वेळी आनुवंशिकतेकडेच झुकलेले होते. घरात एकाला झाला की दुसऱ्याला होताना दिसतो, या निरीक्षणावरून दोन्ही निष्कर्ष निघू शकतात, हे इथे विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावे. निरीक्षण खरे असूनही निष्कर्ष चुकल्याचे इतके स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही.

१८७३ च्या फेब्रुवारीत बर्गेनमध्येच, डॅनियलसेन यांचे जावई गेरहार्ड आर्माउअर हान्सेन यांना रुग्णाच्या गाठीतल्या पेशींत काडीच्या आकाराचे जिवाणू दिसले. माणसाच्या जुनाट रोगाशी जोडला गेलेला हा अगदी पहिल्यांपैकी एक जिवाणू. त्याच वर्षी रजेवर असलेले कार्टर नॉर्वेला गेले, तिथली कुष्ठालये पाहिली आणि १८७४ साली त्यांचा अहवाल छापून आला. कुष्ठरोगावरचा त्यांचा सचित्र ग्रंथही त्याच वर्षीचा. मत बदलण्याचा मोठेपणा त्यांनी दाखवला. पण बदललेल्या मतातून त्यांनी जी शिफारस केली ती हिंदुस्थानातही रुग्णांना वेगळे ठेवण्याची होती.

रोग जिवाणूमुळे होतो हे कळले ते योग्यच कळले. तरी हाती औषध नसताना या ज्ञानाचा पहिला उपयोग कुंपणे घालण्यासाठी झाला. हवाई बेटांवर कुष्ठरोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन १८८९ साली त्याच रोगाने वारले, तेव्हा जगभर घबराट पसरली. मुंबईत १८९० साली माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले; तेच आजचे वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय. ज्यांचे नाव त्याला मिळाले ते मुंबईचे महापालिका आयुक्त हॅरी अ‍ॅकवर्थ मराठी वाचकाला एरवी वेगळ्याच कारणासाठी माहीत असतात. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध केला. गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे मिळवणारा आणि रस्त्यावरचे कुष्ठरोगी गोळा करणारा हा एकच माणूस, हे आम्हाला कळले तेव्हा क्षणभर खरे वाटेना. १८९८ साली देशासाठी कुष्ठरोग्यांचा कायदा आला. तो संसदेने रद्द केला तो २०१६ साली. आणि जोडीदाराला कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून निघाले २०१९ साली.

जिवाणूचा इतिहास असा पुढे गेला, तेव्हा मज्जातंतूचा इतिहास मागे पडला. बोटे आखूड होतात, नाक बसते, पायाला जखमा होतात, हे सगळे जिवाणू मांस खातो म्हणून होते अशी समजूत वैद्यांचीही होती. 'बोटे झडणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत त्याच समजुतीतून रुळला.

मज्जातंतूकडे पुन्हा लक्ष वळवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव घ्यावे लागते. कर्करोगावरच्या संशोधनासाठी ते प्रसिद्ध आहेत, पण कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांतल्या ऊतींचा त्यांनी केलेला अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला. चट्टा नुकताच उमटलेला असताना, जिवाणू त्वचेतल्या सूक्ष्म मज्जातंतूंत सापडतात, हे त्यांनी दाखवले. म्हणजे मोठा मज्जातंतू फुगतो ही रोगाची उशिराची पायरी नव्हे. रोगाची सुरुवातच त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांशी होते. धायरीतल्या आरोग्यसेविकेच्या पेनाचा खुलासा इथे मिळतो. रंग फिका होण्याची कारणे अनेक आहेत. कोड असेल तर डाग पांढरा असतो पण स्पर्श शाबूत असतो. गजकर्णाला खाज असते. फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यावर संवेदना नाही, हे दोन्ही एकत्र आले तर मात्र कुष्ठरोगाशिवाय दुसरे कारण क्वचितच निघते. सहसा आधी गरम-थंड कळेनासे होते, मग हलका स्पर्श, मग वेदना. मुलाने डोळे मिटून बरोबर जागा दाखवली, म्हणजे त्या चट्ट्यातले तंतू बोलत होते.

बोटांचे काय होते याचे उत्तर दक्षिणेतून आले. पॉल ब्रँड हे तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मलेले मिशनऱ्याचे पुत्र, शल्यचिकित्सक होऊन १९४६ साली वेल्लोरला आले. चिंगलपुटच्या कुष्ठालयात एका तरुणाच्या आकडीसारख्या वळलेल्या हातात त्यांनी आपला हात दिला आणि दाबायला सांगितले. त्या हाताने अशी पकड घेतली की ब्रँड कळवळले. लुळा म्हणून सोडून दिलेल्या हातात एवढी ताकद होती. आणि आपण समोरच्याला दुखवत आहोत हे त्या तरुणाला कळतही नव्हते. ब्रँड रुग्णांच्या प्रत्येक जखमेची चौकशी करू लागले. कुठे चुलीवरचे भांडे उघड्या हाताने उचललेले, कुठे गंजलेले कुलूप जोर लावून उघडताना मांस फाटलेले, कुठे चपलेतला खिळा दिवसभर टोचत राहिलेला. तरी काही बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत, त्याचा उलगडा होईना. शेवटी रात्री पाळत ठेवली तेव्हा दिसले, की उंदीर येऊन बधिर बोटे कुरतडत होते आणि माणूस शांत झोपलेला होता. त्यानंतर तिथून घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर मांजर देण्याची पद्धत पडली.

तेव्हा बोटे झडत नाहीत. वेदना नसलेला हात पुन्हा पुन्हा जखमी होतो, जखम चिघळते, हाडाला पू होतो, आणि हाड हळूहळू झिजून बोट आखूड होते. आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी दुखणे नकोसे म्हणून देवाला विनवले असेल. पण चालताना पायाला खडा टोचला की आपण नकळत भार दुसरीकडे टाकतो, गरम पेला लगेच खाली ठेवतो, डोळ्यात कण गेला की पापणी मिटतो. दिवसभरात असे शेकडो वेळा होते आणि आपल्या ध्यानातही येत नाही.

आता त्या तरुणाच्या पकडीचे कोडे. सगळा हात लुळा नव्हता. तळहातातले बारीक स्नायू गेले होते आणि कोपराच्या खालचे, बाहूतले मोठे स्नायू ठणठणीत होते. रुग्णामागून रुग्ण पाहिले तरी नुकसानीचा नकाशा तोच. कोपराशी अल्नर, मनगटाच्या जरा वर मध्य मज्जातंतू, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पाऊल उचलणारा मज्जातंतू, घोट्याच्या आतल्या बाजूला तळपायाचा, आणि चेहऱ्यावर पापणी मिटवणारी शाखा. मधल्या टप्प्यांत तोच मज्जातंतू धडधाकट असे. मेंदू आणि मज्जारज्जू तर अस्पर्शच. चिंगलपुटला एका शवविच्छेदनात हे फुगवटे एकापाठोपाठ उघडे पडल्यावर ब्रँड यांना त्यांच्यातला समान धागा दिसला: या सगळ्या जागा त्वचेच्या अगदी लगत, हाडाला टेकलेल्या आहेत. कार्टर यांच्या पिढीनेही फुगवटे पाहिले होते, पण ते नेमके तिथेच का, हा प्रश्न शंभर वर्षे पडून राहिला होता.

उत्तर आहे तापमान. त्वचेलगतचा मज्जातंतू शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड असतो, आणि कुष्ठरोगाच्या जिवाणूला साधारण ३० ते ३३ अंश सेल्सिअस मानवते. सदतीस अंशांत तो नीट वाढत नाही. म्हणून कानाच्या पाळ्या, नाक, हातपाय त्याच्या आवडीचे. काखा, जांघा आणि डोक्याचा मधला भाग बहुधा सुटतात. या एका गोष्टीने बरेच काही जुळून येते. हान्सेन यांच्यापासून आजपर्यंत हा जिवाणू प्रयोगशाळेतल्या पोषक द्रव्यात कुणालाही वाढवता आलेला नाही. १९६० साली अमेरिकेत चार्ल्स शेपर्ड यांनी तो उंदराच्या पावलात वाढवला, आणि १९७१ साली आर्माडिलो या खवल्यांच्या कवचाच्या प्राण्यात तो भरपूर वाढतो असे दिसले. उंदराचे पाऊल थंड, आणि आर्माडिलोचे सगळे शरीरच आपल्यापेक्षा थंड. जिवाणूचा वेगही विलक्षण मंद. आतड्यातल्या काही जिवाणूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते, तर याला बारा ते चौदा दिवस लागतात. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला अनेक वर्षे लागतात ती यामुळे, आणि रोग आनुवंशिक असल्याची समजूत इतकी टिकली तीही बऱ्याच अंशी यामुळेच. २००१ साली त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा क्षयाच्या जिवाणूच्या मानाने याची निम्म्याहून अधिक जनुके निकामी झालेली किंवा गळालेली आढळली. परक्या घरात राहून राहून स्वयंपाक विसरावा तसा हा प्रकार.

घर म्हणजे श्वान पेशी. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे हे नाव आहे. मुलांना हसू येणारच, तेव्हा कुत्र्याशी याचा संबंध नाही हे आधीच सांगून टाकावे. तारेभोवती रोधक आवरण असते तशा या पेशी मज्जातंतूच्या प्रत्येक धाग्याला वेढून असतात, त्याचे पोषण करतात, त्याच्या संदेशाला वेग देतात. जिवाणू नेमका यांच्याच पृष्ठभागाला कसा चिकटतो, हे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उलगडले: या पेशींच्या वेष्टनातले लॅमिनिन नावाचे प्रथिन त्याला दुव्यासारखे उपयोगी पडते. एकदा आत शिरला की शरीराच्या पहारेकरी पेशींपासून तो बराचसा सुरक्षित असतो.

पण मज्जातंतू मारतो कोण? आम्हाला या सगळ्या विषयात हा प्रश्न सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. ज्यांच्या शरीरात जिवाणू कोट्यवधी असतात त्या रुग्णांचे मज्जातंतू सावकाश बिघडतात. उलट ज्यांची प्रतिकारशक्ती जोरदार असते, ज्यांच्या ऊतींत शोधूनही जिवाणू मिळत नाहीत, त्यांचा एखादा मज्जातंतू काही आठवड्यांत निकामी होऊ शकतो. म्हणजे मोठा वाटा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचा आहे. चोराला पकडायला आलेल्यांनी घरच पाडावे तसे. सूज येते, पण मज्जातंतूचे आवरण फारसे ताणत नाही, त्यामुळे आतले तंतू दाबले जातात, रक्तपुरवठा तुटतो आणि शेवटी तिथे निबर वण उरतो. २०१७ साली ललिता रामकृष्णन यांच्या केंब्रिजमधल्या गटाने झेब्रा माशांच्या पिल्लांत हे प्रत्यक्ष पाहिले. ही पिल्ले पारदर्शक असतात. जिवाणूच्या अंगावरचा एक मेद पदार्थ भक्षक पेशींना चिथावतो, त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि मज्जातंतूच्या आवरणाला इजा होते. जिवाणूने स्वतः फारसे काही केलेले नसते.

याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुचवलेला डॅप्सोन, रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन यांचा बहुविध औषधोपचार जिवाणू मारतो, आणि तो मोफत मिळतो. पहिल्या काही मात्रांतच रुग्ण दुसऱ्याला संसर्ग देण्याच्या स्थितीत राहत नाही. पण मेलेल्या जिवाणूंचे अवशेषही प्रतिकाराला चिथावू शकतात. उपचार चालू असताना, कधी तो संपल्यावरही, नस दुखू लागते, हातातली शक्ती जाते. अशा वेळी स्टिरॉइड लवकर सुरू केले तर मज्जातंतू वाचू शकतो. सहा महिने उलटून गेले तर आशा फार कमी. तुटलेला तंतू अनुकूल स्थितीत दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, पण वाटेत वणाची भिंत असेल तर जाणार कुठून?

तुटलेले जोडता येत नसेल तर शाबूत असलेले वापरता येते, हा ब्रँड यांचा विचार होता. नुकसानीचा नकाशा ठरलेला असल्यामुळे कोणते स्नायू सहसा टिकून राहतात हे आधीच माहीत असते. त्यातला एखादा कंडरा वळवून निकामी स्नायूच्या कामाला लावायचा, आणि मेंदूला नवी सवय शिकवायची. अशी शस्त्रक्रिया त्यांनी १९४८ पासून सुरू केली. आपल्याकडे हे काम उभे केले डॉ. नोशीर अंतिया यांनी. इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जरी शिकून ते १९५० च्या दशकात परतले आणि पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात रुग्णांचे हात आणि चेहरे दुरुस्त करू लागले. कोंढवा धायरीपासून कात्रजमार्गे फार दूर नाही. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग नावारूपाला आणला. ज्या ग्रँट मेडिकल कॉलेजात कार्टर यांनी फुगलेले मज्जातंतू पाहिले, त्याचेच हे रुग्णालय. अंतिया नुसते शस्त्रक्रियेवर थांबले नाहीत. मुंबईत संशोधनसंस्था काढून वनजा शेट्टी आणि इतर सहकाऱ्यांसह ते रोगग्रस्त मज्जातंतूंचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षे अभ्यास करत राहिले. त्यांचा आणि शेट्टी यांचा या विषयावरचा ग्रंथ १९९७ साली निघाला. दुरुस्त झालेला हात घास घेतो, पेन धरतो, बटण लावतो. स्पर्श मात्र परत येत नाही. म्हणून अशा माणसाला रोज रात्री हातपाय न्याहाळायची, तेलपाणी करायची आणि मऊ रबराची चप्पल घालायची सवय लावावी लागते.

हा इतिहास संपलेला नाही. दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, या अर्थाने कुष्ठरोगाचे दूरीकरण झाल्याचे देशाने २००५ च्या अखेरीस जाहीर केले. तरीही वर्षाला एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण भारतात सापडत आले आहेत आणि त्यांत मुलेही असतात. निदान करणे शिक्षकाचे काम नव्हे. पण न खाजणारा, न दुखणारा फिकट चट्टा, हातातून सारखी निसटणारी पेन्सिल, चालताना पायातून गळून पडणारी चप्पल या गोष्टी पालकांच्या आधी वर्गात दिसू शकतात. धायरीच्या त्या बाईंच्या वर्गात असा मुलगा निघाला, तर तो जवळच्या सरकारी दवाखान्यात किती लवकर पोचतो यावर त्याचा हात अवलंबून राहील. पाठवताना मात्र वर्गासमोर वाच्यता नको. उपचार सुरू झाल्यावर त्याला शाळेतून दूर ठेवण्याचे काहीही कारण नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे एक काम यातून निघते. प्रयोगशाळेतला साधा, पारा नसलेला तापमापक घ्या. तापाचा चालणार नाही, कारण तो ३५ अंशांच्या खाली उतरत नाही. फुगा त्वचेला लावून वरून कापसाने झाका, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. काख, कोपरातली ती खोबण, मनगट, कानाची पाळी, घोट्याची आतली बाजू अशा जागांचे आकडे फळ्यावर लिहा आणि शेजारी मज्जातंतू बिघडतात त्या जागांची यादी ठेवा. मुले स्वतःच दोन्ही रकाने जोडू लागतात. थंडीत, सकाळच्या शाळेत, मैदानावरून आत आल्याबरोबर मोजले तर फरक जास्त ठळक येतो.